राधानगरीला जायचंय? आधी महिना ठरवा

कोल्हापुरातनं राधानगरी सुमारे पंचावन्न किलोमीटर. एवढं जवळ असल्यामुळंच घोटाळा होतो. रविवारी सकाळी अकराला निघायचं, धरणाच्या भिंतीपाशी फोटो काढायचे, कुठंतरी जेवायचं आणि अंधार पडायच्या आत रंकाळ्यावर परत. मग माणूस म्हणतो, "तिथं बघायला काय विशेष नाही." विशेष आहे, पण ते पहाटे आणि संध्याकाळी आहे. म्हणून किमान दोन मुक्काम, जमलं तर तीन. आणि खोली बुक करायच्या आधी महिना ठरवा, कारण जुलैचं राधानगरी आणि मेचं राधानगरी ही दोन वेगळी गावं आहेत.

जुलै-ऑगस्टला जाणारे जातात दरवाजांसाठी. धरणाच्या जलाशयाची, म्हणजे लक्ष्मी तलावाची, क्षमता ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि सांडव्याला सात स्वयंचलित दरवाजे. ते उघडायला बटण नाही की मोटर नाही. दरवाजाच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला भार. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की त्याचा दाब भारावर मात करतो आणि दरवाजा आपोआप उघडतो; पातळी उतरली की आपोआप मिटतो. बातमीत बहुतेक वेळा "सहा नंबरचा दरवाजा उघडला" हे आधी येतं, मग पाच, तीन असं वाढत जातं. एका दरवाजातनं १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी), म्हणजे सातही उघडले की नुसत्या दरवाजांतनंच जवळजवळ दहा हजार क्युसेक, वीजगृहाचं पाणी वेगळं. दरवाजा कधी उघडेल हे पाऊस ठरवतो, तुमची सुट्टी नव्हे. धरण पंच्याण्णव टक्क्यांच्या पुढं गेल्याचं वाचलं की बॅग भरून ठेवायची, एवढंच हातात असतं. शाहू महाराजांनी हे धरण बांधायला घेतलं, पण १९२२ साली ते गेले तेव्हा भिंत अर्धवटच होती; पैशाअभावी रखडलेलं काम स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. गावाला नाव महाराजांच्या लेकीचं, राधाबाईंचं. तलावाला राणीसाहेबांचं, लक्ष्मीबाईंचं.

या दिवसांत जाताना एक आकडा पाठ हवा. कोल्हापुरात पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. ३९ च्या आसपास असताना वर जाल, पण परत येताना भोगावती नदीकाठचा रस्ता पाण्याखाली असू शकतो. पाणी वाढायला लागलंच तर सरवडे-मुदाळतिट्टा करून निपाणीला निघायचं आणि हायवेनं परत फिरायचं. लांब पडतं, पण त्या वेळी तोच पर्याय. तोही चालू आहे का, हे निघायच्या आधी विचारायचं. पुराच्या पाण्यात "टायर बुडेल एवढंच आहे" म्हणून गाडी घालू नका. खालचा डांबर राहिलाय की गेलाय, हे वरनं दिसत नाही.

राऊतवाडीचा धबधबा याच मोसमातला. शनिवार-रविवारी तिथं निम्मं कोल्हापूर उतरलेलं असतं, त्यामुळं मधल्या वारी सकाळी आठच्या आत जायचं. चपला नकोत, खाली पकड असलेले बूट हवेत. शेवाळलेल्या दगडावर रबरी सपाता घातलेला माणूस हमखास आपटतो. आणि जळवा. पँट मोज्यात खोचायची, मोज्यांना तंबाखूचं पाणी किंवा मीठ चोळायचं. चिकटलीच तर ओढायची नाही, तोंडाची बाजू आत तुटून राहते आणि जखम चिघळते. नख तोंडाकडनं सरकवत सोडवायची. सुटल्यावर रक्त बराच वेळ वाहतं, कारण रक्त गोठू न देणारा द्रव ती आत सोडून गेलेली असते. कापूस दाबून धरायचा, घाबरायचं काही नाही.

काजव्यांसाठी जायचं तर मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला. वळवाचे एक-दोन पाऊस झालेले हवेत, रात्र बिनचंद्राची हवी आणि मोठा पावसाळा लागलेला नको. लागला की संपलं. अंधार पडल्यावर तासाभरात सुरुवात होते आणि मग अख्खं झाड एकदम लुकलुकतं, एकदम विझतं, परत लुकलुकतं. उडत लुकलुकणारे बहुतेक नर असतात. मादी खाली झुडपात, गवतात बसून उत्तर देते. म्हणूनच पायवाट सोडून झाडापर्यंत जायचं नाही, पायाखाली माद्या येतात. बॅटरी, मोबाईलचा फ्लॅश, गाडीचे हेडलाईट सगळं बंद. एका माणसाच्या फ्लॅशनं त्या झाडाचा ताल मोडतो आणि मागं उभ्या असलेल्या चाळीस जणांची संध्याकाळ जाते. फोटो तसाही येत नाही. तिपाई आणि दहा-वीस सेकंदांचं एक्स्पोजर नसेल तर मोबाईल खिशातच ठेवलेला बरा.

याच दिवसांत तलावाचं पाणी उतरलेलं असतं आणि एरवी पाण्यात असलेला शाहूकालीन बंगला, बेनझीर व्हिला, उघडा पडतो. चालत जायचा मोह होतो. गाळ वरनं वाळून भेगाळलेला दिसतो, आत मऊ असतो. नवीन माणूस पोटरीपर्यंत रुततो. गुरं गेलेल्या वाटेनंच जायचं आणि गावातला एखादा माणूस बरोबर घ्यायचा. रस्त्याकडेला करवंदं, जांभळं विकायला असतात. घासाघीस करू नका, काट्यातनं तोडून आणलेली असतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा दाजीपूरच्या जंगलाचा मोसम, आणि निवांतपणा हवा असेल तर माझं मत याच मोसमाला. राधानगरीतनं तीसेक किलोमीटर पुढं, फोंडा घाट उतरायच्या अलीकडं. हे जंगल राधानगरी अभयारण्यातलं; अभयारण्याचं क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली जी ठिकाणं वारसा यादीत घेतली, त्यांत हे एक. पावसाळ्यात साधारण जून ते ऑक्टोबर जंगलाचं फाटक बंद असतं, आणि इतर दिवशीही वनखात्याकडं आदल्या दिवशी चौकशी करूनच निघायचं. आतला रस्ता कच्चा, खडबडीत. खाली बसकी कार असेल तर चेंबर फुटतो. फाटकावर भाड्याची जीप मिळाली तर तीच घ्यायची, वाटाड्यासह. फाटक उघडल्याबरोबर पहिल्या फेरीत आत गेलात तर सावराई सड्यावर, म्हणजे तिथल्या उघड्या पठारावर, गवे चरताना दिसायची शक्यता जास्त. दहा वाजून गेले की ते सावलीत शिरतात आणि तुम्ही नुसती झाडं बघून येता. अर्थात झाडंही बघण्यासारखी आहेत: अंजनी, जांभूळ, हिरडा, आणि वर मान केलीत तर शेकरू.

गव्याबद्दल थोडं सविस्तर, कारण चुका इथंच होतात. मोठा नर हजार किलोच्या आसपास भरतो आणि दिसतो त्यापेक्षा फार चपळ असतो. कळप रस्ता ओलांडत असेल तर गाडी लांब थांबवायची, हॉर्न नाही, हेडलाईट डिपरवर, इंजिन रेझ करायचं नाही. पहिले तीन-चार गेले म्हणून गाडी काढायची नाही. मागनं पिल्लं आणि माद्या येत असतात आणि गाडी नेमकी त्यांच्या मधे शिरते. एकटा नर दिसला तर जास्त सावध. त्यानं फुरफुरून मान खाली घातली म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. खाली उतरून सेल्फी काढणाऱ्याला समजवायचं नाही, सरळ जीपवाल्याला सांगायचं.

बाकीची जुळवाजुळव थोडक्यात. एसटीनं जाणार असाल तर गाडी मध्यवर्ती, रंकाळा की संभाजीनगर स्टँडवरनं, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. पेट्रोल आणि रोख पैसे राधानगरीतच घ्यायचे, पुढं रेंजही जाते येते. जेवण दोन-तीन तास आधी सांगावं लागतं. ऐनवेळी गेलात तर अंडा करी आणि भात. आधी सांगितलंत तर नाचणीची भाकरी आणि गावरान कोंबडीचा रस्सा. थंडीत पहाटे जीपमध्ये कानटोपी हवीच.

आणि तीन दिवस असतील तर तिसऱ्या दिवशी काही ठरवू नका. हत्तीमहालाकडं चालत जा, शाहू महाराजांच्या काळातल्या साठमारीच्या, म्हणजे हत्तीच्या झुंजीच्या खेळाच्या, खुणा बघा, अर्ध्या तासात होतं. पण त्याआधी, सकाळी साडेसहाच्या आत, तलावाच्या काठाला. धरणाच्या भिंतीवर सोडत नाहीत, वाद घालू नका. रस्त्याच्या वळणावरनं पाणी जास्त चांगलं दिसतं. थंडीत धुकं पाण्यावरनं उठतं तेव्हा पलीकडचा डोंगर आधी शेंड्याकडनं दिसायला लागतो, मग कमरेपासून, आणि साडेआठला सगळं लख्ख झालं की चहाची टपरी उघडते.