मासळीवाचून थाई

वडोदरा, श्रावणातला रविवार, रात्री

आज दादा, वहिनी आणि आत्या यांच्यासह अलकापुरीतल्या एका थाई उपाहारगृहात जेवून आलो. फार महाग नाही आणि फार स्वस्तही नाही, अशा बेताचे ते ठिकाण आहे. 2023 च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांसाठी व्हिसाची अट काढून टाकली, तेव्हापासून बँकॉक-पट्टाया करून आलेली मंडळी आमच्या आळीतही भेटू लागली आहेत आणि तिथे खाल्लेले, किंवा शाकाहारामुळे तिथे खाता न आलेले, पदार्थ इथे शोधू लागली आहेत. त्यामुळे रविवारी संध्याकाळी जागेसाठी अर्धा तास थांबावे लागले, याचे नवल वाटले नाही. पाटीवर ठळक अक्षरांत ‘शुद्ध शाकाहारी’ आणि त्याखाली ‘जैन पदार्थ मिळतील’ असे लिहिलेले होते. त्या पाटीपासूनच माझ्या मनात एक प्रश्न घोळत होता, आणि जेवताना तो अधिकच पक्का होत गेला.

प्रश्न असा, की थाई स्वयंपाकातला खारटपणा मुळात मिठाचा नसतो. लहान मासे मिठात मुरवून, वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ पिंपांत ठेवून, त्यांचा जो पातळ अर्क निघतो त्याला तिकडे ‘नाम प्ला’ म्हणतात आणि आपण मीठ घालतो तितक्या सहजपणे तो जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडतो. करीच्या वाटणात त्याच्या जोडीला आंबवलेल्या जवळ्याची ‘कपी’ असते. या दोन्ही वस्तूंना नुसता खारटपणा नसतो. जिभेवर रेंगाळणारी, भाताचा पुढचा घास मागणारी एक खोल चव त्यांच्यामुळे येते. शाकाहारी उपाहारगृह या दोन्ही वस्तू काढून टाकते, आणि ते योग्यच आहे. पण काढलेल्या वस्तूच्या जागी काय ठेवले, हे मात्र कोणी पाहत नाही.

मागणी नोंदवताना आत्याने वाढप्याला गुजरातीत सांगितले, “भाई, हुं डुंगळी-लसण अने रिंगणां नथी खाती.” तो लगेच म्हणाला, “एटले जैन?” त्यावर आत्या म्हणाली, “ना रे, चोमासुं छे.” आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन झाली, की कार्तिकी एकादशी उलटेपर्यंत आत्या कांदा, लसूण आणि वांगे यांना शिवत नाही, कंदमुळे मात्र तिला चालतात. या शहरात ‘जैन’ हा शब्द उच्चारला की आचाऱ्याला पुढचे काही सांगावे लागत नाही, पण चातुर्मासाची यादी त्याच्या यादीशी पूर्ण जुळत नाही. हिरव्या करीत वाटाण्याएवढी आणि लिंबाएवढी अशी दोन जातींची थाई वांगी घालण्याची पद्धत असल्यामुळे ती काढावी लागली. गवती चहा आणि कुलंजन (आल्याच्या कुळातला कंद) राहू द्या, असे मला दोनदा सांगावे लागले. गवती चहाला इथे लीली चा म्हणतात आणि पुदिन्यासह तो घरोघरी चहात पडतो, त्यामुळे त्याच्या वासाला कोणाची हरकत नव्हती.

पहिल्यांदा आलेले सोम तम हे आजच्या जेवणातले सर्वांत चांगले पान ठरले. कच्ची पपई लांब किसून, खलबत्त्यात हिरवी मिरची, चवळीच्या शेंगा, टोमॅटो आणि शेंगदाण्यांबरोबर हलक्या हाताने ठेचून ते करतात. लाओस आणि थायलंडचा ईशान्य भाग हे त्याचे माहेर. तिकडे त्यात सुका जवळा आणि नाम प्ला असतेच, परंतु लिंबू, चिंच आणि गूळ यांचा जोर इतका असतो, की मासळी नसतानाही पदार्थ आपल्या पायावर उभा राहतो. फाफड्याबरोबर कच्च्या पपईचा संभारो खाणाऱ्या बडोदेकरांना ती पपई परकी वाटण्याचे कारण नाही. गंमत अशी, की पपई आणि मिरची या दोन्ही वस्तू अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीजांनी 1511 मध्ये मलाक्का घेतले आणि त्याच वर्षी सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, तेव्हाची राजधानी असलेल्या अयुथ्थयाच्या दरबारी आपला वकील पाठवला; त्यांच्या व्यापाराबरोबर मिरची सयामातही पोचली आणि आपल्याकडेही. आज थाई तिखटाच्या नावाने ज्यांना घाम फुटतो, त्यांना हे सांगितले तर खरे वाटणार नाही.

फाट थाईबद्दल मात्र मला चांगले लिहिता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तिथले पंतप्रधान फिबून सोंगख्राम यांच्या सरकारने राष्ट्रीय पदार्थ म्हणून याला उचलून धरले. तांदळाच्या शेवया, चिंच, ताडगूळ, नाम प्ला, अंडे, टोफू आणि मोड आलेले मूग असा त्याचा साधा घाट आहे. आमच्या पुढ्यात आलेल्या शेवयांना टोमॅटो सॉसचा लाल रंग आणि पाक चढला होता, आणि टोफूच्या जागी पनीर होते. अंडे नको हे मान्य. पण टोफू तर मुळातच शाकाहारी आहे, त्याला हाकलून पनीर कशासाठी? दादा म्हणाला, “ताई, गिऱ्हाईक पनीर मागतं.” ते खरे असेल, पण मग चिंचही गिऱ्हाइकानेच नको म्हटली की काय, हे मी विचारले नाही.

हिरवी करी आली तेव्हा माझा प्रश्न प्रत्यक्ष वाटीत दिसला. वास उत्तम होता, मकरूट लिंबाची पाने ताजी होती आणि मिरचीही बेताची होती. तरीही दोन घासांनंतर नारळाच्या गोड दुधाखेरीज काही जाणवेना. मासळी गेली, आत्यासाठी लसूण आणि कांदा गेला, आणि त्या सगळ्या रिकाम्या जागेत साखर आणि आणखी नारळाचे दूध ओतले गेले होते. नारळाचे घट्ट दूध आटवून त्याला तेल सुटले की त्यात वाटण परतायचे, ही खरी रीत. ती पाळली असती तरी अर्धे काम झाले असते. इथे वाटण बहुधा दुधात नुसते उकळलेले होते.

शाकाहारामुळे थाई जेवण बिघडते, असे जे सर्रास म्हटले जाते, ते मला पटत नाही, आणि त्याचे कारण थायलंडमध्येच आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्याच सुमारास, तिकडचे चिनी वंशाचे लोक आणि त्यांच्याबरोबर इतरही पुष्कळ जण ‘जे’ नावाचा आहारनेम पाळतात. फुकेत बेटावर तर त्याचा मोठा उत्सव असतो. त्या दिवसांत दुकानांवर पिवळ्या झेंड्यांत लाल अक्षरे झळकतात, आणि त्या खुणेखालच्या अन्नात मांस, मासे, अंडी, दूध यांबरोबरच लसूण, कांदा आणि त्यांच्या कुळातल्या उग्र वासाच्या वस्तूही वर्ज्य असतात. आत्याचा चातुर्मास आणि त्यांचे ते नऊ दिवस यांत वांग्याचा आणि दुधाचा काय तो फरक. म्हणजे कांदा-लसूण आणि मासळी वगळून थाई स्वयंपाक करण्याचा अनुभव त्या देशालाच आहे. ते लोक मात्र जागा रिकामी ठेवत नाहीत: सोयाबीन आंबवून केलेली ‘ताओ चिआओ’, सोया सॉस, वाळवून भिजवलेली अळिंबी अशा वस्तूंनी ती खोली पुन्हा भरून काढतात. यांतली एकही वस्तू वडोदऱ्यात मिळत नाही असे नाही.

गिऱ्हाइकांची गर्दी ओसरल्यावर मुख्य आचारी स्वतःहून विचारपूस करायला आला. तो दार्जिलिंगकडचा होता आणि बोलायला मोकळा होता. मी ताओ चिआओबद्दल विचारताच तो हसला आणि हिंदीत म्हणाला, की बाटली आत आहे, सुरुवातीला आम्ही घालतही होतो, पण वास येतो म्हणून पानेच्या पाने परत यायची. शेवटी मालकांनी थांबवायला सांगितले. हे ऐकल्यावर त्याला दोष देण्यात अर्थ उरला नाही. गोड करीचा दोष जितका स्वयंपाकघराचा, तितकाच मेजाच्या अलीकडे बसलेल्या आमचा, बडोदेकरांचाही आहे. बाटलीवरची हिरवी खूण आणि घटकांत लसूण नाही हे दाखवून, त्याने एका लहान वाटीत ती मला आणून दिली. चमचाभर करीत मिसळली, वर लिंबू पिळले, तेव्हा त्याच करीला एकदम बूड आले. वहिनीने दुसऱ्यांदा भात घेतला. आत्याने चव घेऊन मान डोलावली आणि म्हणाली, “आता कशी आमटी झाली! पण हे आधी सांगायला काय झालं होतं त्याला?”

शेवटी गोड म्हणून आंबा आणि चिकट भात मागवावा असे ठरत होते, पण श्रावणात आंबा कुठला, डब्यातला रस आहे, असे वाढप्याने प्रामाणिकपणे सांगितले. आम्ही आंब्यावाचून नुसता भात घेतला. या जातीच्या तांदळात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार जवळजवळ नसतोच, म्हणून शिते एकमेकांना धरून राहतात. तो भिजवून वाफवतात आणि गरम असतानाच साखर-मीठ घातलेल्या नारळाच्या दुधात मुरवतात. आत्याला तो नारळी भाताचा धाकटा भाऊ वाटला, फक्त लवंग आणि गूळ विसरलेला. मला त्यातला मिठाचा स्पष्ट कण आवडला. आपण गोडात मीठ चिमूटभर घालतो आणि लपवतो, ते लोक ते उघड राहू देतात.

चौघांचे 5 टक्के जीएसटीसह दोन हजारांच्या थोडे वर बिल झाले, ते दादाने दिले. निघताना मी आचाऱ्याला विचारले, की नवरात्रात घरच्या आठ-दहा जणांसाठी कांदा-लसूण न घालता, पण ताओ चिआओ आणि अळिंबी घालून, वाटण नारळाच्या तेलात नीट परतून करी करून द्याल का. तो म्हणाला, एक दिवस आधी फोन करा, वाटण मी स्वतः खलात करीन. पनीर मात्र तुम्ही मागू नका.