उत्तर मागू नका, आपली मांडणी तपासून घ्या

दहावीच्या विज्ञानातलं भिंगांचं प्रकरण घ्या. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर, तर प्रतिमा कुठे पडेल? हे गणित चॅटजीपीटीला किंवा जेमिनीला घातलं की क्षणात सुटतं, वहीत उतरतं आणि डोक्यात काही शिरत नाही. तुर्कस्तानात नववी ते अकरावीच्या सुमारे हजार मुलांवर हे नीट तपासलं गेलं. चॅटबॉट हाताशी असताना गणिताच्या सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर हीच मुलं तो कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. ज्यांना उत्तराऐवजी नुसता इशारा देणारा चॅटबॉट दिला होता, त्यांचं हे नुकसान जवळपास टळलं.

म्हणून आधी वही. दहा मिनिटं स्वतः झटापट करा, अडलात तरी चालेल. मग आपली मांडणी ओळीओळीने टाइप करून लिहा: ‘उत्तर सांगू नकोस. माझी पहिली चुकलेली ओळ दाखव आणि तिच्यावर मला एक प्रश्न विचार.’ ‘बरोबर आहे ना?’ असं मात्र विचारू नका. चॅटबॉट फार चटकन मान डोलावतो.

वरच्या गणितात घोटाळा होतो तो चिन्हांचा. आपल्या पुस्तकात कार्टेशियन चिन्ह संकेत आहे: प्रतिमेच्या अंतराच्या व्यस्तातून वस्तूच्या अंतराचा व्यस्त वजा केला की नाभीय अंतराचा व्यस्त मिळतो, आणि वस्तूचं अंतर ऋण धरायचं, म्हणजे −१५. मग प्रतिमेच्या अंतराचा व्यस्त १/१० − १/१५ = १/३०; प्रतिमा ३० सेंमीवर. दुसऱ्या एका पद्धतीत याच व्यस्तांची बेरीज करतात आणि वस्तूचं अंतर धन धरतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चोख. पण एकीचं सूत्र आणि दुसरीचं चिन्ह घेतलं की उत्तर येतं ६ सेंमी. अशी सरमिसळ मुलांकडून होते, चॅटबॉटकडूनही होऊ शकते. ती पकडायला किरणाकृती पुरते: वस्तू नाभीय अंतर (१० सेंमी) आणि त्याची दुप्पट (२० सेंमी) यांच्या मध्ये आहे, तर प्रतिमा पलीकडे २० सेंमीच्या पुढेच पडणार. सहा आलं की समजावं, चिन्ह चुकलं.

मराठीत विचारताना हिंदी परिभाषा घुसते, तिच्यावर लक्ष ठेवा. नाभीय अंतराची ‘फोकस दूरी’ होते, रसायनातल्या क्षपणाचं (रिडक्शन) ‘अपचयन’. ‘लोलक’ तर फारच फसवा: आपल्याकडे तो प्रिझम, हिंदीत झुलणारा दोलक. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकाचं पीडीएफ मोफत मिळतं. तो धडा जोडा आणि ‘यातलेच शब्द आणि यातलाच चिन्ह संकेत वापर’ असं बजावा.

दोन दिवसांनी चॅटबॉट बंद ठेवून त्याच भिंगाच्या गणितात वस्तू ३० सेंमीवर न्या. उत्तर १५ यायला हवं. मग ती ५ सेंमीवर आणा. आता उणे १० येतं. उणे का, हे आधी स्वतः दोन वाक्यांत लिहा आणि मग ती वाक्यं तपासायला द्या.