आमची वाटचाल : ट्यूबेतून कातडीपर्यंत

२०११ साली अंबरनाथच्या एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेऊन आम्ही मलमं करायला लागलो. एक प्लॅनेटरी मिक्सर, एक ट्यूब भरायचं मशीन आणि आम्ही पाच माणसं. पहिली काही वर्षं दुसऱ्या कंपन्यांच्या नावावर माल करून दिला. अ‍ॅसे (लेबलावर लिहिलेल्या औषधापैकी किती टक्के भरलं ते) शंभरच्या आसपास आला, ट्यूब गळली नाही, की बॅच पास. ट्यूबेतून बाहेर आल्यावर औषध कातडीत किती शिरतं, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आमच्याही मनात आलं नाही.

मग एका हिवाळ्यात उत्तरेकडच्या गोदामातून लुलिकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाच्या क्रीमचे खोके परत आले. एक ट्यूब उघडून क्रीम अंगठा आणि बोटामध्ये चोळलं, तर बारीक रेती लागावी तशी खरखर. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर स्फटिक चमकत होते. थंडीत औषध बेसमधून, म्हणजे ज्या क्रीममध्ये ते मिसळतात त्यातून, बाहेर पडून गोठलं होतं. अ‍ॅसे मात्र तेव्हाही ९९! औषध पूर्ण होतं, फक्त विरघळलेलं नव्हतं, आणि कातडीत शिरतं ते विरघळलेलंच. गजकर्णानं खाजवून बेजार झालेल्या माणसाच्या हातात आपण काय देत होतो, या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही.

कातडीचा सगळ्यात वरचा थर, म्हणजे स्ट्रॅटम कॉर्नियम, बहुतेक ठिकाणी फक्त १० ते २० मायक्रॉन जाड. पण अडवणूक सगळी त्याचीच. केराटिननं भरलेल्या मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अ‍ॅसिडचा गिलावा. साधारण ५०० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) वरचे रेणू यातून फारसे जात नाहीत. लुलिकोनॅझोल ३५४चं आहे, म्हणजे त्याला जाता येतं. खोट आमच्या बेसमध्ये होती.

पहिला उपाय सुचला तो सरळ होता: औषध विरघळवणारं प्रोपिलीन ग्लायकॉल वाढवा. स्फटिक गेले. पण बेसला औषध इतकं मानवलं की ते तिथून हलेना. औषधाला ढकलणारा जोर टक्केवारीवर ठरत नाही, ते संपृक्ततेच्या, म्हणजे आणखी विरघळू शकत नाही त्या टोकाच्या, किती जवळ आहे यावर ठरतो, हे औषधशास्त्रज्ञ टाकेरू हिगुचींनी १९६०च्या सुमारास मांडलेलं तत्त्व आम्ही कॉलेजात पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. त्याचा अर्थ गाळ्यात उभं राहून कळला.

मग औषध कातडीतून किती जातं ते मोजायचे फ्रान्झ सेल घेतले. काचेचे दोन कप्पे, मध्ये कातडी, खाली चुंबकानं ढवळलं जाणारं द्रावण, तापमान ३२ अंश, कारण कातडीचा पृष्ठभाग साधारण तेवढाच असतो. कातडी डुकराच्या कानाची, कारण ती माणसाच्या कातडीला बरीच जवळची. ओलेइक अ‍ॅसिड (औषध कातडीत शिरायला मदत करणारं तेलातलं आम्ल) घातलेल्या एका ट्रायलमध्ये खालच्या कप्प्यात औषध धो-धो उतरलं. आम्ही पेढे वाटले.

घाई झाली. आमच्या सल्लागार त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी कागद पाहून एकच विचारलं, "बुरशी राहते कुठे?" नायट्याची बुरशी केराटिन खाते, म्हणजे त्या वरच्याच थरात राहते. औषध तिथे शिरून तिथेच थांबायला हवं, आरपार जाऊन रक्तात मिसळायला नको. आम्ही मोजत होतो ते नेमकं वाया गेलेलं औषध. शिवाय ओलेइक अ‍ॅसिड त्या थरातली चरबी विस्कटतं. जांघेतल्या आधीच सोललेल्या कातडीवर ते झोंबलं असतं.

तेव्हापासून आम्ही दोन्ही आकडे काढतो. खालच्या कप्प्यातला, आणि चिकटपट्टीचा. कातडीवर पट्टी दाबून उचलायची की पेशींचा एक पापुद्रा निघतो. अशा एकामागून एक पट्ट्या मिथेनॉलमध्ये बुडवायच्या आणि औषध एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचं. कंटाळवाणं काम आहे. आमची केमिस्ट मुलगी ते ज्या चिकाटीनं करते, त्याला तोड नाही. सध्याचा बेस अकराव्या ट्रायलचा. पट्ट्यांमध्ये औषध भरपूर, खालच्या कप्प्यात अगदी थोडं, आणि फ्रिजमध्ये ठेवूनही खरखर नाही.

मधल्या काळात एका मोठ्या गिऱ्हाइकानं याच क्रीममध्ये क्लोबेटासोल हे जोरदार स्टेरॉइड घालून मागितलं. स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते, माल खपतो, पण बुरशी पसरत राहते आणि कातडी पातळ होते. आम्ही नाही म्हटलं. ऑर्डर गेली, त्या वर्षी पगार उशिरा झाले. टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला बऱ्याचदा दाद न देणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी ही नायट्याची बुरशी आज घराघरात पोचलेली बघताना त्या नकाराचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही.

आता प्रत्येक खोक्यात मराठी चिठ्ठी घालतो: बोटाच्या शेवटच्या पेराएवढं क्रीम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा, आणि खाज थांबली म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. नखांच्या बुरशीवरचं काम नुकतंच हातात घेतलंय. नखात कातडीसारखी चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे बेस पुन्हा पहिल्यापासून.