मावशी, थोडं कमी करा

एप्रिलच्या शेवटी नागपुरात कूलर बंद ठेवून कोणी झोपत नाही. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरात टप भरताना थोडं पाणी फरशीवर सांडायचंच, आणि सकाळी पुसू म्हणून ते तसंच राहायचं. रात्री अडीचला आई बाथरूमला उठली आणि त्या पाण्यावरून घसरली. वय ७८. आवाज आला तेव्हा मला वाटलं, बादली पडली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, गोळा बदलला. या वयात माणूस जितका पडून राहील तितका न्यूमोनिया आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका, म्हणून शक्यतो ४८ तासांच्या आत उरकायचं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या रात्री तिने सलाईन उपटलं. तीस वर्षांपूर्वी गेलेल्या आजीला हाका मारायला लागली, मला ओळखेना. मी हादरलोच. आता हिचं डोकं गेलं, असं ताईला पुण्याला फोनवर सांगूनही टाकलं. नर्स मात्र शांत होती. म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर असा भ्रम होतो म्हणाली. चष्मा लावून द्या, दिवसा पडदे उघडा, घड्याळ दिसू द्या, ओळखीचं कोणीतरी जवळ बसा. चार दिवसांत आई ताळ्यावर आली आणि पहिला प्रश्न विचारला, कूलरमध्ये पाणी टाकलं का.

दवाखान्याचं प्रकरण तसं सोपं होतं. तिथे प्रत्येक गोष्टीला एक माणूस होता. डिस्चार्जच्या कागदावर सात गोळ्या लिहिल्या होत्या. तिला उचलायचं कोणी, कमोडवर बसवायचं कसं, यावर एक ओळ नाही. सर्जिकलच्या दुकानातून वर-खाली होणारा पलंग भाड्याने आणला, हवेची गादी, वॉकर आणि कमोडची खुर्ची विकत. बाई ब्युरोतून मिळाली, बारा तासांची, सकाळी आठ ते रात्री आठ. रात्र माझी.

रात्रीबद्दल लिहू की नको, असं झालंय. पण लिहितो, कारण मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा आईचा डायपर बदलायची वेळ आली तेव्हा तिने तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाली, "सुनेला उठव." बायको दिवसभर ऑफिस करून झोपलेली. मी उठवलं नाही. आम्ही दोघंही एक शब्द न बोलता ते काम उरकलं. चौथ्या-पाचव्या रात्री ती स्वतःहून कुशीवर वळायला लागली, मला सोपं जावं म्हणून. त्यावर आम्ही आजपर्यंत बोललेलो नाही.

मावशी फार मायेची बाई. आईला भरवायची, अंग पुसायची, केस विंचरायची, पाण्याचा ग्लासही ओठाला लावायची. आई वॉकरकडे हात करायला लागली की, "राहू द्या आजी, कायले तरास घेता? मी करतो ना." भेटायला येणाराही प्रत्येकजण हेच सांगून जायचा, आता आराम करा, खूप केलं आयुष्यभर. आम्हीही खूश. तीन आठवडे गेले आणि आईच्या मांड्या अशा सुकल्या की पातळ नेसवताना मलाच बघवेना. वर मे महिन्याचा घाम, कूलरची दमट हवा आणि गादीचं रेक्झिन. माकडहाडाशी लाल चट्टा उठला. मावशी म्हणाली, पावडर लावू.

फिजिओथेरपिस्ट मुलगी आठवड्यातून तीनदा यायची. तिने त्या चट्ट्यावर बोट दाबून दाखवलं: दाबल्यावर पांढरा पडला तर ठीक, लालच राहिला तर बेडसोअरची सुरुवात. आमचा लालच राहिला. दर दोन तासांनी कूस बदलायची, रेक्झिनवर सुती चादर टाकायची, असं तिने सांगितलं. आणि मग मला बाहेर बोलावून विचारलं, "काका, आजी हाताने जेवू शकतात ना? मग भरवता कशाला?" २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट म्हाताऱ्या माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं, तेवढ्यात पायांचं जवळपास एक किलो मांस उतरलं, हेही तिनेच सांगितलं. आमचे एकवीस दिवस झाले होते, तेही ऑपरेशननंतरचे.

मावशीला हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. पैसे देऊन ठेवलेल्या बाईला, मावशी, थोडं कमी करा, असं कसं म्हणायचं? ती रुसली. "मग मी कायले येऊन राहिली?" हा प्रश्न बरोबरच होता. शेवटी असं ठरलं की तिने मागे उभं राहायचं, हात कमरेजवळ ठेवायचा, पण उचलायचं नाही. जेवण खुर्चीवर बसून, आईच्याच हाताने. अर्धा तास लागला तरी लागू द्यायचा. नुसती मऊ खिचडीही बंद केली. दोन्ही वेळा घट्ट वरण, दही, मधूनमधून पाटवडी. किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रोटीन हवं, हे फिजिओचं गणित आईला शाळेतल्यासारखं आवडलं. ती ४८ किलोची, म्हणजे पन्नासेक ग्रॅम. मास्तरीणबाई होती, हिशेब वहीत लिहायला लागली.

जुन्या गोळ्या फिजिशियनला दाखवल्या तेव्हा आणखी एक निघालं. आई आठ वर्षांपासून झोपेची अर्धी गोळी घेत होती, कोणी सुरू केली तेही आठवत नव्हतं. या गोळ्यांनी म्हातारपणी तोल जातो, त्यांनी ती एकदम न तोडता हळूहळू कमी केली. पाण्याला मी उगाच एकट्याला दोषी धरलं होतं.

पैशांचं एवढंच सांगतो. सत्तरीवरच्यांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. आम्ही ते पडल्यानंतर काढलं, हा आमचा शहाणपणा. पण ते कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर कामाचं. मावशीचा पगार, पलंगाचं भाडं, डायपर, हे सगळं खिशातूनच गेलं, आणि सहा महिन्यांचा हा आकडा ऑपरेशनच्या बिलाच्या पुढे निघाला.

जुलैत वॉकर घेऊन फाटकापर्यंत, पोळ्याला शेजारच्या घरापर्यंत. मावशी आता सकाळचे चार तासच येते. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, मी सगळं डाउनलोडही करून ठेवलं होतं. आई म्हणाली, बँकेतच जाऊ. बँकेला तीन पायऱ्या, रॅम्प नाही. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा, हे तिला पाठ होतं. मी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. तिने यादीवर सही केली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, कशाला आल्या एवढ्या लांब? घरून झालं असतं."

"पायऱ्या चढायच्या होत्या," आई म्हणाली.

उतरताना मात्र तिने माझा खांदा धरला. आधी दुखरा पाय.