बोअरचं पाणी निळं का झालं?

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाला विषय मिळाला: पाण्यातला पारा नुसत्या रंगावरून ओळखायचा. साहित्य म्हणजे सोन्याचे नॅनोकण आणि डीएनएचा एक छोटा धागा.

पहिला आठवडा काचेची भांडी धुण्यात गेला. आम्लराजाने (सोनंही विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणाने) धुतलेल्या फ्लास्कमध्ये सोन्याच्या क्षाराचं पिवळसर द्रावण उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट एका दमात ओतायचं. पिवळा रंग जातो, काळपट छटा येते आणि काही मिनिटांत सगळं कोकम सरबतासारखं लाल होतं. साधारण 13 नॅनोमीटरचे ते कण पहिल्यांदा तयार झाले तेव्हा मी फ्लास्क उजेडात धरून बराच वेळ बघत बसले होते.

कण सुटे असले की द्रावण लाल, एकमेकांना चिकटले की निळं. मीठ घातलं की ते चिकटतात. एकेरी धाग्याचा डीएनए त्यांच्यावर बसलेला असेल तर चिकटत नाहीत. आमच्या धाग्यात थायमिन, म्हणजे डीएनएच्या चार घटक-अक्षरांपैकी एक, भरपूर होतं. दोन थायमिनच्या मधे पाऱ्याचा आयन नेमका बसतो, धागा दुमडतो आणि कणांवरून सुटतो. मग मिठापुढे कण उघडे पडतात आणि द्रावण निळं होतं. मीठ म्हणून सोडियम नायट्रेट घ्यायचं, हे माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आधीच बजावलं होतं, कारण साध्या मिठातलं क्लोराइड स्वतःच पाऱ्याला धरून ठेवतं.

शुद्ध पाण्यात सगळं छान जमलं. मग मी घरून बोअरचं पाणी नेलं. नळीत घालताच निळं! पोटात गोळा आला. हेच पाणी आम्ही रोज पितो. मॅडमनी शांतपणे विचारलं, "डीएनए न घालता काय होतं?" तेही निळं. मीठसुद्धा न घालता? तरीही निळं. दोष पाऱ्याचा नव्हता. पाणी जड, म्हणजे क्षारांचं होतं आणि त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियमच कणांना चिकटवत होतं.

मला वाटलं, ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारं रसायन) घालून कॅल्शियम बांधून टाकू. घातलं, आणि नळ्या सुरेख लाल राहिल्या. ज्या नळीत मी मुद्दाम पारा टाकला होता, तीसुद्धा! ईडीटीए कॅल्शियमपेक्षा पाऱ्याला कितीतरी घट्ट धरतं. दोन दिवस त्या लाल रंगावर मी खूश होते, याचं अजून वाईट वाटतं.

शेवटी पाणी दहापट पातळ केलं आणि प्रत्येक नमुन्याला तीन नळ्या ठेवल्या. एकीत थायमिनवाला धागा. दुसरीत तेवढ्याच लांबीचा, पण थायमिनच्या जागी सायटोसिन हे दुसरं अक्षर असलेला धागा. तिसरीत पहिलाच धागा आणि माहीत असलेल्या मात्रेत पारा. दुसरी लाल राहिली आणि तिसरी निळी झाली, तरच पहिलीचा रंग वाचायचा.

पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम, म्हणजे साधारण 5 नॅनोमोलर (लिटरमागे मोलचा पाच अब्जांश भाग). डोळ्यांनी रंग बघून मी त्याच्या जवळपासही पोचले नाही आणि पातळ केल्याने अंतर आणखी वाढलं. प्रबंधात मी ते तसंच लिहिलं. घरच्या पाण्याची पहिली नळी लाल राहिली होती, पण त्यावरून पाणी पिण्याजोगं आहे असं म्हणता येत नव्हतं. बाबांना तेच सांगितलं आणि नमुना रीतसर तपासणीला पाठवला.