गुण्यात नसलेलं घर

आमचं बाहेरचं दार उघडायची एक रीत होती. कडी काढायची, डाव्या हाताने दार किंचित वर उचलायचं, उजव्या गुडघ्याने खालच्या कोपऱ्याला हलकी ढोसणी द्यायची, की ते मुकाट्याने आत जायचं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण घरातल्या प्रत्येकाच्या अंगात ते मुरलेलं होतं. पाहुणे मात्र बाहेरून धडका देत राहायचे आणि आम्ही आतून ओरडायचो, "उचला, जरा उचला!"

दार बदलायचं ठरलं ते खालच्या कडेमुळे. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून, आणि दाराच्या उभ्या पट्ट्यांची टोकं नेमकी जमिनीशी, पावसाच्या शिंतोड्यात असतात. सुतारकाकांनी तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. "हे दार नाही राहिलं, दाराचा फोटो आहे," ते म्हणाले.

मग तयार फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंना सपाट प्लायवूड असलेलं दार, घ्यायचं की लाकडी करून घ्यायचं, हा वाद घरात दोन दिवस चालला. फ्लश डोअरच्या कडेला भरीव लाकडाची पट्टी अरुंद असते, त्यामुळे ते थोडंच तासता येतं. जास्त तासलं तर आतला भराव किंवा पोकळपणा बाहेर येतो. आमची चौकट बघता काकांनी ते एका वाक्यात निकालात काढलं. चौकट मात्र जुनीच ठेवायची ठरली. ती काढायची म्हणजे भिंतीचा गिलावा, उंबरठा, लगतची फरशी असं सगळंच उकरणं आलं, शिवाय तिच्या लाकडाला काही झालेलं नव्हतं.

माप घेताना काकांनी रुंदी तीन ठिकाणी घेतली: वर, मध्ये, खाली. वर आणि खाली अकरा मिलिमीटरचा फरक निघाला. मग टेप एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी धरली आणि नंतर उलट्या बाजूनेही तशीच. दोन्ही कर्ण वेगळे आले, की चौकट काटकोनात नाही. आमचे दीड सेंटिमीटरने वेगळे आले. "तुमचं घर गुण्यात नाही हो," काका म्हणाले. आईने हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तिला ते लागलं. "इतकी वर्षं गुण्यागोविंदाने राहिलो की आम्ही याच घरात," ती बाहेर येऊन म्हणाली. काकांनी काटकोन तपासायचा हातातला लोखंडी गुण्या तिला दाखवला. ती हसली, पण तिचं पूर्ण समाधान झालं असं मला वाटलं नाही.

जुनं दार काढायला वीस मिनिटंही लागली नाहीत. बिजागरीचे स्क्रू सुटले तशा त्यांच्या भोकांतून काड्यापेटीच्या काड्या गळून पडल्या. हा वडिलांचा उद्योग. दाराचं सगळं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढत असतं. तिचे स्क्रू ढिले झाले की कडीकडची बाजू खाली झुकते आणि दार फरशीला घासायला लागतं. मग वडील भोकात चार काड्या कोंबून स्क्रू पुन्हा पिळायचे. मी मोजल्या, वरच्या बिजागरीतून एकोणीस काड्या निघाल्या. काकांनी नवे स्क्रू लांब घेतले, म्हणजे जुन्या भोकापलीकडच्या कोऱ्या लाकडात ते पकड घेतील. बिजागऱ्याही दोनाऐवजी तीन लावल्या.

दार अंगणात आडवं ठेवलं, तेव्हा मला जरा धक्काच बसला. गुण्या घेऊन मी चारही कोपरे तपासले, तर एकही काटकोन नव्हता. वरची कड एकीकडे उतरत गेलेली, कडीकडची बाजू मध्यावर पोटात गेलेली. लाकूड लांबीत जवळपास वाढतच नाही, हवेतला ओलावा शोषून फुगतं ते रुंदीत. त्यामुळे दर पावसाळ्यात दार त्याच बाजूला अडायचं आणि वडील रंधा काढायचे. इकडे घराचा पाया एका कोपऱ्यात कणाकणाने खचत होता आणि चौकट त्याच्याबरोबर कलत होती. दार जिथे अडेल तिथे कागदभर छिलका निघायचा. वडील गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं आणि मी ते त्यांच्यापेक्षा वाईट केलं. पोटात गेलेला भाग माझा आहे. आम्ही सगळे त्या दाराला वाकडं म्हणायचो. वाकडं घर होत होतं आणि दार तेवढं अंग चोरून घेत होतं.

ती दुपार आम्ही दाराशिवाय काढली. शेजारच्या काकू काही तरी द्यायला आल्या आणि उंबरठ्याशी थबकल्या. समोर सगळं उघडं, मी त्यांना दिसतोय, त्या मला दिसताहेत. तरी त्यांनी चौकटीवर टकटक केली. मीही "कोण आहे?" असं विचारलं.

नवं दार चांगलं आहे, हे आधी कबूल करतो. मधल्या फळ्या खाचेत नुसत्या बसवलेल्या आहेत, सरस न लावता, म्हणजे फुगल्या-आकसल्या तरी चिरणार नाहीत. काकांनी ते आधी चौकटीला उभं करून चौकटीच्या कलाप्रमाणे पेन्सिलीने रेघ मारली आणि मग तासलं. बाजूंना जेमतेम तीन मिलिमीटर फट. हे दार कुरकुरत नाही. जुन्याची कुरकुर म्हणजे बिजागरीतलं लोखंड अडकून सुटत, पुन्हा अडकत जाण्याचा आवाज. व्हायोलिनची तार गजाखाली तशीच वाजते. दार हळू सरकवलं की कुरकुर जास्त होते. रात्री उशिरा येताना चोरपावलांनी दार उघडणारा म्हणूनच हमखास पकडला जायचा. एका झटक्यात उघडलं तर आवाजच येत नाही, हा शोध मला सतराव्या वर्षी लागला आणि मी तो धाकट्या भावाला कधी सांगितला नाही.

खरी अडचण लॅचची झाली. आपल्या भाषेत दार बंद करण्याच्या किती पायऱ्या आहेत! दार लाव, दार लोट, दार ओढून घे, दार पुढे कर. "दार पुढे कर" म्हणजे बंद तर दिसावं, पण कुणी आपलं माणूस आलं तर नुसत्या हाताने उघडावं. लॅचला हे कळत नाही. त्याच्याकडे उघडं आणि बंद असे दोनच शब्द आहेत. पहिल्याच आठवड्यात आई कचरा टाकायला गेली, सवयीने दार पुढे केलं आणि बाहेर अडकली. किल्लीच्या दात्यांनी आतल्या बारीक पिना नेमक्या उंचीवर उचलायच्या, की कुलूप फिरतं, ही युक्ती लिनस येल धाकटे यांनी १८६१ मध्ये पेटंट केली. तिचा लाकडी अवतार प्राचीन इजिप्तमध्येही होता. आईला हे सगळं मी तिला आत घेतल्यावर सांगितलं. तिने फक्त "बरं" म्हटलं.

आणखी एक गोष्ट गेली. कडी-कोयंड्याला बाहेरून लोंबणारं कुलूप फाटकातूनच सांगायचं, की घरात कुणी नाही, नंतर या. नव्या दाराच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. लोक बेल वाजवतात, थांबतात, पुन्हा वाजवतात. चोरांच्या दृष्टीने हे बरंच आहे, असं काकांचं म्हणणं.

माझा डावा हात अजून दार उचलतो. ते उचललं जात नाही, कारण झुकलेलंच नाही. गुडघाही पुढे होतो आणि दार इतकं सहज आत जातं की मी त्याच्यामागून धडपडतो. परवा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चक्क आत आदळलो.

जाताना काकांनी एक काम मला दिलं होतं. दर्शनी बाजू सगळे रंगवतात, पण दाराची वरची आणि खालची कड विसरतात, आणि पाणी शिरतं तिथूनच. खालच्या कडेला त्यांनी दार टांगायच्या आधीच पॉलिशचे हात दिले होते. वरची माझ्याकडे. मी ते काम महिनाभर टाळलं. शेवटी ढग जमायला लागल्यावर स्टूल घेऊन चढलो. त्या कडेवर, जिथे आता कुणी बघणार नाही, काकांनी पेन्सिलीने बाण काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'वर'. मी खाली उतरून अंगणात भिंतीला टेकवलेल्या जुन्या दाराकडे गेलो. वरच्या कडेवरची धूळ हाताने पुसली. इतक्या रंध्यांनंतर तिथे काही उरलेलं नव्हतं.

परत स्टुलावर चढलो आणि 'वर'वरून पॉलिशचा पहिला हात फिरवला. अक्षरं ओली होऊन आणखीच ठळक दिसायला लागली.