बीट मऊ पडलं

फेब्रुवारी, रात्री उशिरा

उपटलेली बिटं आज हाताला मऊ लागली. वहिनींना पानांसकट जुडी आवडते, म्हणून पानं तशीच राहिली होती. एवढंसंच, पण मन तिथून हलत नाही.

उपटल्यावरही पान गड्ड्यातलं पाणी ओढतच राहतं. म्हणून पानं लगेच पिळून तोडायची आणि देठाची २-३ सेंटिमीटर शेंडी ठेवायची. गड्ड्याला लागून कापलं की रस गळतो, आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. खालची शेपटीही तोडायची नाही. धुवायचं नाही, माती हातानं झटकायची. मग भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या खणात. असं महिनाभर तरी टिकतं. थंड मुलखात ओलसर रेतीत थर लावून हिवाळा काढतात, कारण बिटाला शून्याच्या जवळपासची थंडी आणि ९५ टक्क्यांच्या वर दमटपणा हवा. दमटपणा आपल्याकडे रग्गड आहे. थंडी कुठून आणायची?

वाईट याचंच वाटतं. आपलं सगळं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, उन्हाच्या जिवावर: सोलां (कोकमाची सुकी सालं), मिरच्या, सुकं नुस्तं (मासे). बीट नेमकं उलटं मागतं. आणि वाढवताना किती जपावं लागतं! जांभ्याची माती आंबट, म्हणून पेरणीच्या महिनाभर आधी चुना. पावसात बोरॉन धुऊन जातं, मग कापल्यावर आत काळे डाग. त्यासाठी चौरस मीटरला एक ग्रॅम बोरॅक्स पाण्यात विरघळवून, त्याहून जास्त नाही, नाहीतर रोपंच करपतात. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, आणि तेही बेतानं. नत्र वाढलं की पानंच माजतात. बिटाच्या एका दाण्यातून दोन-चार रोपं उगवतात. दोन रोपांत ८-१० सेंटिमीटर ठेवून बाकीची खुडायची, तेव्हा हात जड होतो. पण गर्दीत गड्डा धरतच नाही. आणि एवढं करून दोन दिवसांत मऊ!

...साठवणीचा हट्ट तरी कशाला? नोव्हेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत, दर पंधरा दिवसांनी एक ओळ पेरावी. ६०-७० दिवसांत गड्डा ५-६ सेंटिमीटरचा झाला की लागेल तसा उपटावा. पाणी नियमित दिलं तर वाफ्यातच आठ-दहा दिवस थांबतो. फार थांबवला की निबर होतो. मार्चच्या उकाड्यात कापलं की पांढरी वलयं दिसतात, गोडीही कमी. तेव्हा मार्चच्या आधी सगळी काढून घ्यावीत. जास्तीची उकडून, काप करून माडाच्या विनेगरात, तीही बरणी फ्रीजमध्येच, कारण घरच्या विनेगरची आंबटी दर वेळी सारखी नसते.

मऊ पडलेली उद्या सकाळी उकडायची आहेत. सालासकट. साल आधी काढली तर रंग सगळा पाण्यात उतरतो.